मोरेश्वरकाकांचं मानपत्र

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या अल्फारेटात कोणाचा सत्कार करायचा ठरला की लोक आधी मोरेश्वरकाकांना फोन करायचे आणि मग शाल आणायला जायचे. शाल कुठेही मिळते, पण मानपत्र लिहिणारा माणूस आमच्याकडे एकच होता. आमच्या मराठी मंडळात आजवर ज्यांना ज्यांना शाल-श्रीफळ मिळालं, ते सगळे काकांच्या लेखी कर्मयोगी होते. माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, तर त्यांच्या पंचाहत्तरीलाही काकांनी मानपत्र लिहिलं आणि त्यात त्यांना वात्सल्यमूर्ती म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

काका मूळचे नागपूरचे. इथे टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं. नंदाकाकू वारल्यावर मोठं घर विकून ते आमच्या मागच्या रस्त्यावरच्या लहान घरात राहायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हायवेवर गाडी चालवत नाहीत, त्यामुळे त्यांची ड्रायव्हर मीच. दर रविवारी त्यांना मुलीकडे, इलाकडे जेवायला घेऊन जायचं आणि आपणही जेवून यायचं, असा आमचा शिरस्ता.

इलाचा नवरा मार्कस काळा अमेरिकन. लग्न ठरलं तेव्हा मंडळात भरपूर कुजबुज झाली. काकांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मार्कसच्या आईला, मिस लोरेनना (इकडे मोठ्या बाईंना आदराने मिस म्हणतात), त्यांनी विहिणीचा असा काही मान दिला की मांडवात त्यांचे पाय धुवायला तांब्या घेऊन बसले. त्या बाई आयुष्यभर शाळेत शिकवत आलेल्या, कोणाला सहज न घाबरणाऱ्या. त्यासुद्धा दोन पावलं मागे सरकल्या. तेव्हापासून दोघांची छान गट्टी. त्या काकांना मो म्हणतात, काका त्यांच्यामागे त्यांचा उल्लेख आमच्या विहीणबाई असा करतात. मी काकांना उठताबसता नावं ठेवते, पण या माणसावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना मला राग येणार आहे.

आमचा गणपती बसतो हॉलिस ब्रॅनमच्या हॉलमध्ये. अल्फारेटापासून उत्तरेला, डोंगर सुरू होतात त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हा हॉल आहे. पूर्वी कोंबड्यांच्या खाद्याचं गोदाम होतं. दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये धूप लावला की फायर अलार्म वाजतो आणि ढोल वाजला की पोलीस येतात. हॉलिसकडे दोन्ही चालतं. एकदा शेजाऱ्यांनी तक्रार केली, तर त्याने स्वतः शेरिफला फोन करून सांगितलं की ही माझी माणसं आहेत, वाजवू दे त्यांना. वय चौऱ्याऐंशी, पण आरतीला हात जोडून उभा राहतो, उकडीचा मोदक मागून घेतो. पोरंबाळं त्याला हॉलिसकाका म्हणतात. मीही म्हणत होते. आता अरेतुरे करते.

माझा नवरा यतीन त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होता. गणपतीत हॉलिसचा सत्कार करायची कल्पना त्याचीच, आणि कल्पना वाईट होती असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. काका नेहमीच्या पद्धतीने माहिती घ्यायला गेले. त्यांची पद्धत म्हणजे सत्कारमूर्तीसमोर तासभर बसायचं आणि जन्म, शिक्षण, नोकरी, मुलंबाळं, भूषवलेली पदं एवढं विचारायचं. उलट प्रश्न विचारायचा नाही. ज्याच्या खांद्यावर शाल घालायची त्याची उलटतपासणी करणं काकांच्या दृष्टीने असभ्यपणा. हॉलिसने सांगितलं की लष्करात होतो, मग खाद्याचा धंदा केला, चर्चचं काम केलं, आणि १९६६ साली राज्याच्या विधानसभेला उभा राहून पडलो.

काकांना आनंद झाला. त्यांचे एक चुलते नागपुरात नगरसेवकपदासाठी उभे राहून अनामत रक्कम घालवून बसले होते, आणि घरात त्यांचं नाव आजही आदराने घेतात. निवडणुकीला उभं राहिलेला माणूस म्हणजे लोकांसाठी पदरमोड करणारा माणूस, हा हिशेब काका इकडे येताना सोबत घेऊन आले होते. कुठल्या पक्षातर्फे, हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. मानपत्रात त्यांनी लिहिलं: 'ऐन तारुण्यात लोकसेवेचे कंकण बांधून आपण निवडणुकीच्या रणांगणात उतरलात. यशाने हुलकावणी दिली, तरी विचारांवरील आपली निष्ठा तसूभरही ढळली नाही.' मग सगळ्याचं इंग्रजी केलं, कारण सत्कारमूर्तीला समजायला हवं. सोनेरी काठाच्या कागदावर छापून, फ्रेम करून यतीनने ते आमच्या डायनिंग रूममध्ये आणून ठेवलं.

पुढच्या रविवारी इलाकडे जेवण झाल्यावर काकांनी इंग्रजी मानपत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मिस लोरेन दोन घरं सोडून राहतात, त्याही होत्या. नात केया नऊ वर्षांची. ती मंडळाच्या लेझीम पथकात होती आणि वाचन चालू असताना टेबलाभोवती पावलं टाकत होती. काका थांबले तेव्हा मिस लोरेननी विचारलं की या माणसाचं पूर्ण नाव काय. काकांनी सांगितलं. काउंटी कोणती, तीही सांगितली. मग त्यांनी केयाला वर जाऊन बूट शोधायला सांगितलं, आणि ती गेल्यावर विचारलं, तो कुठल्या पक्षाचा होता ते माहीत आहे का. काका म्हणाले, त्या काळी इकडे सगळे एकाच पक्षाचे होते ना.

"हा नव्हता," मिस लोरेन म्हणाल्या.

हॉलिसचा पक्ष वेगळाच होता. छोटा, आणि उघडउघड गोऱ्यांच्या सत्तेसाठी काढलेला. फलकांवर तसंच लिहिलेलं असायचं, आडपडदा नव्हता. त्या काउंटीत काळी कुटुंबं मोजकीच. मिस लोरेन तेव्हा अकरा वर्षांच्या. काळ्या माणसांना बिनअडथळा मत नोंदवता यावं म्हणून दिल्लीतून, चुकले, वॉशिंग्टनहून कायदा झालेला होता, आणि त्यांच्या वडिलांनी जाऊन नाव नोंदवलं होतं. ते काळ्या मुलांच्या शाळेत मास्तर होते. हॉलिस तेव्हा पंचविशीतला. ट्रकवर कर्णा लावून तो गावातून फिरायचा आणि ज्या काळ्या माणसांनी मतदार म्हणून नोंदणी केली होती त्यांची नावं वाचायचा. नाव, कुठे काम करतो, कोणाच्या घरात भाड्याने राहतो. शिवी नाही, धमकी नाही. पुढचं काम ऐकणारे करायचे.

मिस लोरेनच्या वडिलांची नोकरी गेली, घरमालकाने घर खाली करायला लावलं, एका संध्याकाळी व्हरांड्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हिवाळा लागायच्या आत चर्चच्या ट्रकमध्ये सामान भरून सगळं कुटुंब तिथून निघालं. बाई त्यानंतर त्या काउंटीत गेल्या नाहीत. गणपतीला येत नव्हत्या त्याचं कारण हे. काकांना इतकी वर्षं वाटत होतं की चर्चवाल्या आहेत, मूर्तिपूजा चालत नसेल.

"लोक म्हणतात, तो पडला," मिस लोरेन म्हणाल्या. "मतं थोडीच मिळाली त्याला. पण जो निवडून आला तो तोवर याचीच वाक्यं धुऊनपुसून बोलायला लागला होता. आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही की तो पडला."

मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. निष्ठा ढळली नाही हे त्याने सांगितलं, की तुम्ही घातलंत? काका म्हणाले, मी घातलं, ते वाक्य मी सगळ्यांच्याच मानपत्रात घालतो. खोटं बोलले नाहीत. माझ्या सासूबाईंच्याही मानपत्रात आहे.

मार्कस उठला आणि म्हणाला की केया त्या हॉलमध्ये नाचणार नाही. मिस लोरेननी त्याला बसवलं. पोरगी दोन महिने मेहनत करतेय, ती नाचेल, म्हणाल्या. त्याच्या फरशीवर माझी नात पाय आपटून नाचली तर मला आवडेल. मी यायची नाही, एवढंच.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, मला हॉलिसला भेटायचंय. दोन दिवसांनी मी त्यांना घेऊन गेले. हॉलिस हॉलच्या पायरीवर बसला होता, आम्हाला पाहून उठला, आतून थंड पाणी आणलं. काकांनी फार हळू आवाजात विचारलं की १९६६ साली तुम्ही कर्ण्यावरून नावं वाचायचात का. हॉलिसला राग आला नाही, लाजही वाटली नाही. हो, वाचायचो, म्हणाला. नावं सरकारी दप्तरात होती, कोणीही जाऊन बघू शकत होतं, मी नुसती वाचून दाखवली. कोणाच्या अंगाला हात लावला नाही. काउंटीला जे हवं होतं ते मी बोललो आणि त्याची माफी मी मागणार नाही, पण आता मी म्हातारा आहे, कोणाशी वैर नाही. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुम्ही लोक कष्ट करता, मुलांना शिकवता, कोणाकडे काही मागत नाही. तेव्हा इथे तुमच्यासारखे लोक असते, तर मला उभं राहावंच लागलं नसतं."

आणि काका म्हणाले, "थँक यू."

हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "शुभा, मी त्याला थँक यू म्हणालो का गं?"

"हो काका."

"का म्हणालो मी?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते एकट्या काकांचं नव्हतं. तुम्ही लोक वेगळे, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऑफिसात, शाळेत, शेजारी ऐकलेलं आहे, आणि ऐकून सगळे सुखावलो आहोत. कोणापेक्षा वेगळे, हे विचारायचं राहून गेलं होतं. विचारलं असतं तर उत्तर इलाच्या जेवणाच्या टेबलावर बसलेलं होतं.

संध्याकाळी काका आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि यतीनला सगळं सांगितलं. यतीन वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा उतरला. पण मग तो अध्यक्षासारखा बोलायला लागला.

"काका, मला पटतंय, रिअली. पण सहाशे लोकांनी रजिस्टर केलंय, मूर्ती हॉलमध्ये पोचलीय. तो चिडला आणि हॉल कॅन्सल केला तर मी कुठे जाऊ? आणि यार, साठ वर्षं झाली याला. आपलं मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे."

मी म्हटलं, नॉन-पॉलिटिकल आहे तर मानपत्रात इलेक्शन कशाला. तो म्हणाला, फ्रेम होऊन आलंय, आणि इंग्लिश मानपत्र कोण लक्ष देऊन ऐकतं. माझं आणि त्याचं तिथेच जुंपलं. काका मधे पडले नाहीत. पाण्याचा पेला संपवला, उठले, चपला घातल्या आणि गेले. खरं तर त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की ही फ्रेम मी परत घेतोय. मानपत्र त्यांचं, शब्द त्यांचे. यतीनची त्यांना अडवायची छाती झाली नसती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'प्रकृतीच्या कारणास्तव शनिवारच्या सत्कार समारंभास उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व.' खाली लगेच फुलं, हात जोडलेले, गेट वेल सून काका, आलं घालून चहा घ्या. मी तशीच त्यांच्या घरी गेले. काका खुर्चीत ताठ बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, जरा समाधानात होते.

"काका, हे काय? याला नाही म्हणणं म्हणतात का?"

"मी जात नाहीये, शुभा. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल."

कळणार कोणाला होतं? ग्रुपवर एक बाई त्यांना कुठला काढा घ्यावा ते सांगत होत्या.

शनिवारी मीही गेले नाही. यतीनशी माझं बोलणं बंद होतं. काकांना मिस लोरेनकडे जायचं होतं, आपण सत्काराला गेलो नाही हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायला. इला आणि मार्कस केयाबरोबर हॉलवर होते. मिस लोरेननी टीव्हीवर मंडळाचं लाइव्ह लावून ठेवलं होतं. आम्हाला बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि तिघंही केयाची वाट बघत बसलो. लेझीम सुरू झाली. केया दुसऱ्या रांगेत, डोक्याला फेटा, पाय असे आपटत होती की मिस लोरेन खुर्चीतून पुढे सरकल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तेवढा वेळ सगळं ठीक होतं.

लेझीम संपल्यावर काका म्हणाले, "मिस लोरेन, मी आज तिकडे गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही."

त्यांनी मान डोलावली. बरं वाटलं ऐकून, म्हणाल्या. आणि टीव्ही बंद करायचा राहून गेला.

पडद्यावर यतीन आला. हॉलिस बाजूच्या खुर्चीत होता, म्हणून यतीन इंग्रजीत बोलत होता. हे मानपत्र आमच्या लाडक्या मोरेश्वरकाकांनी अगदी मनापासून लिहिलं आहे, म्हणाला. आज त्यांची तब्येत बरी नाही म्हणून ते येऊ शकले नाहीत, पण मनाने ते इथेच आहेत, आपल्या हॉलिसकाकांच्या शेजारी. मग एका कॉलेजातल्या मुलीने मानपत्र वाचलं. फार सुंदर वाचलं. निष्ठा तसूभरही ढळली नाही, इथे ती क्षणभर थांबली, आणि टाळ्या झाल्या. शाल घातली, नारळ दिला, लोक उभे राहिले.

मिस लोरेननी रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"तुम्ही आजारी आहात, मो?"

"नाही."

"मग हे असं का म्हणतायत?"

"मीच तसं कळवलं," काका म्हणाले.

त्यांनी काकांकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "आमच्या गावात एक दुकानदार होता. गोरा. भला माणूस, आम्हा पोरांना पेपरमिंट द्यायचा. त्याने माझ्या वडिलांना शब्द दिला होता की मतदानाला मी तुझ्याबरोबर चालत येईन, मी सोबत असलो तर कोणी तुला काही करणार नाही. त्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला की तब्येत बरी नाही."

पुढे म्हणाल्या, "वडील एकटे गेले."

मला काकांकडे बघवेना. मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मला गाडी काढायला सांगितली. मी म्हटलं, आपण पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल. ते म्हणाले, असू दे. मिस लोरेननी त्यांना अडवलं नाही, आणि शाबासकीही दिली नाही.

पोचलो तेव्हा जेवणाची रांग लागली होती. मसालेभाताचा वास हॉलभर पसरला होता. दारातच कोणीतरी म्हणालं, अरे वा काका, आता कसं वाटतंय? काका म्हणाले, मी आजारी नव्हतो. तो माणूस हसला, त्याला वाटलं काका गंमत करतायत. पुढच्या बाईंनी तब्येत विचारली, त्यांनाही तेच: मी आजारी नव्हतो, मला या सत्काराला यायचं नव्हतं, म्हणून खोटं कळवलं. बाईंनी हातातल्या कागदी ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, श्रीखंड संपत आलंय काका, आधी घेऊन या. काका रांगेतल्या एकेकाला सांगत गेले. काही जण नजर चुकवत होते, काही विचारत होते का, आणि त्यांना काका का ते सांगत होते. यतीन धावत आला, त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, काका, आत्ता नको, प्लीज, सगळ्यांसमोर नको. काकांनी दंड सोडवून घेतला.

हॉलिस स्टेजजवळ बसला होता. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, हातात मोदक. काकांना पाहून त्याला खरोखर आनंद झाला. बरे झालात का, म्हणाला. काका त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात पाठीमागे धरले. मी आजारी नव्हतो, त्यांनी सांगितलं. ते मानपत्र मी तुम्हाला काहीही न विचारता लिहिलं. त्यातला निवडणुकीचा शब्दन् शब्द मी परत घेतो. मग म्हणाले, "तुम्ही कर्ण्यावरून ज्यांची नावं वाचलीत, त्यांच्यातल्या एकाची मुलगी माझी विहीण आहे. त्याची पणती आत्ता तुमच्यासमोर नाचली."

हॉलिस चावायचा थांबला. भुवया आकसून तो समोरच्या मुलांच्या घोळक्याकडे बघायला लागला. फेटेवाली वीस-पंचवीस पोरं होती, त्याला लांबचं नीट दिसत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

"कोण?" त्याने विचारलं. "नाव काय त्या माणसाचं?"

"ते नाव," काका म्हणाले, "मी तुम्हाला सांगणार नाही."